खातेदाराचं पूर्ण नाव सांगा

संपादकांनी विषय दिला आहे, ‘वापरकर्ता-अनुभव रचनेतले नवे प्रवाह’. सोबत फोनवर सूचनाही केली, की ताई, सूर जरा आशादायक असू द्या, सणाचा अंक आहे. विषय मी घेतला. सुराचं काही कबूल केलं नव्हतं. या नव्या प्रवाहांचं नाव काढलं तरी माझं डोकं फिरतं, आणि का फिरतं तेच इथे लिहिणार आहे.

आधी धंदा काय ते सांगते, कारण तो माझ्या सासऱ्यांनाही शेवटपर्यंत कळला नाही. ते पाव्हण्यांना सांगायचे, ‘सूनबाई कंपनीत हाय, पर काय करती ते इचारू नका.’ तर मोबाइलवर गॅसचा नंबर लावताना ‘पुढे जा’ हे बटण तुम्हाला जिथे सापडतं, तिथे ते आपोआप उगवलेलं नसतं. ते कुठे असावं, केवढं असावं, त्यावर काय लिहावं आणि माणूस चुकला तर त्याला वाटेवर परत कसं आणावं, हे कुणीतरी बसून ठरवलेलं असतं. या कामाला यूएक्स म्हणतात. ठरवणारी मंडळी पुण्यात गार खोलीत बसतात. मी त्यांतली नव्हे. त्यांनी केलेली वस्तू पिशवीत घालून मी सातारा-सांगलीच्या गावांत जायची, एखाद्याच्या शेजारी बसायची आणि म्हणायची, ‘हे जरा वापरून दाखवा.’ अठरा वर्षं हेच केलं. शेजारी बसण्याचा पगार घेतला म्हणा ना.

या शेजारी बसण्याचे दोन नियम आहेत. पहिला, मदत करायची नाही. समोरचा माणूस घामाघूम झाला, चुकीचं बटण चार वेळा दाबलं, तरी आपण हाताची घडी घालून बसायचं. निर्दयपणा वाटेल, पण मी बोट दाखवलं तर त्या एका माणसाचं भागेल आणि ते वाईट बटण तसंच पुढे लाखो लोकांकडे जाईल. दुसरा नियम, माणसाच्या तोंडावर विश्वास ठेवायचा नाही, हाताकडे बघायचं. आमच्या भागात दारात आलेल्या माणसाने पिशवीतून काढलेल्या वस्तूला कुणी नावं ठेवत नाही. आधी चहा येतो, मग ‘लय भारी हाय की वं’ असा अभिप्राय येतो, आणि अंगठा मात्र काचेवर भलतीकडेच फिरत असतो. अहवालात अंगठ्याचं म्हणणं लिहायचं.

या धंद्याने मला माणसं मात्र एकेक दाखवली. साताऱ्याच्या बाजूला, घरटी एक जण फौजेत असलेल्या गावात, एका निवृत्त सुभेदारांकडे मी दवाखान्याची वेळ ठरवण्याचं ॲप घेऊन गेले. सुरुवातीला अटी आणि शर्ती येतात, ज्या जगात कुणी वाचत नाही. सुभेदारांनी चष्मा लावला आणि वाचायला घेतल्या. पाऊण तास मी शेजारी बसून होते. खाली ‘वगळा’ असं बटण होतं, पण त्याकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. शेवटी मान वर करून म्हणाले, “कलम अकरा आन् कलम चौदा एकमेकाच्या इरुद्ध हायती. वर रिपोर्ट करा.” मी केला. कंपनीच्या वकिलाने तपासलं, तर खरंच इरुद्ध होती.

विट्याचे एक गलाईवाले होते. गलाई म्हणजे सोनं गाळून शुद्ध करणं. विट्याकडची माणसं त्यासाठी देशभर पसरलेली आहेत, आणि हे जत्रेला म्हणून गावी आले होते. त्यांना मी बोटाच्या ठशाने उघडणारं ॲप दिलं. त्यांनी दहाही बोटं लावून पाहिली आणि हात माझ्यापुढे उलटे धरले. “आमच्या बोटाला ठसाच न्हाई, ताई. तेजाबानं खाल्ला. सोनं चोख झालं आन् बोटं गुळगुळीत.” त्या एका वाक्यावर पुण्याच्या मंडळींनी ठशाशेजारी आकड्यांची सोय दिली. याचा मला आजही अभिमान आहे. बटणावर माझं नाव नसतं, पण ते तिथे का आहे हे मला माहीत असतं.

आता नवे प्रवाह. पहिला प्रवाह असा, की स्क्रीनच नको. बटणं नकोत, वाचणं नको, माणसाने नुसतं बोलावं आणि यंत्राने समजून घ्यावं. दुसरा प्रवाह त्याहून मोठा शहाणा आहे. तो म्हणतो, की आता माणसांच्या शेजारी जाऊन बसण्याचीही गरज नाही. आजवरच्या मुलाखती आणि रेकॉर्डिंगं यंत्राला वाचायला द्यायची, मग यंत्र स्वतःच शेतकरी होतं, म्हातारी होतं, सुभेदारही होतं. त्याला म्हणतात कृत्रिम वापरकर्ता. त्याला एसटी लागत नाही आणि तो जत्रेला जात नाही. एका दुपारी पाचशे कृत्रिम माणसांकडून वस्तू तपासून घेता येते. हे दोन्ही प्रवाह माझ्यासमोर एकाच बाईच्या अंगावरून गेले.

त्यांना मी हौसाक्का म्हणते. पलूस तालुक्यातलं गाव, साठीच्या पुढचं वय. घरचा दोन एकर ऊस, जमीन मालकांच्या नावावर. मालक म्हणजे त्यांचे यजमान. ते अर्धांगवायूने तीन वर्षं खाटेवर आहेत आणि त्यांची वाचा गेली आहे. मुलगी फलटणला दिलेली. शेत, खाट आणि एक म्हैस हे सगळं हौसाक्का एकट्या बघतात.

त्या भागातल्या एका कारखान्याने आमच्या कंपनीकडून ‘बोलती नोंद’ करून घेतली. उसाची नोंद हे काय प्रकरण आहे ते बाहेरच्यांना सांगायला हवं. लावण झाली की ती ठरलेल्या मुदतीत कारखान्यात नोंदवावी लागते, आणि त्या तारखेप्रमाणे तोडीचा नंबर लागतो. नोंद नसलेला ऊस सगळ्यांच्या मागून, उन्हाळ्यात तुटतो. तोवर त्याला तुरा येतो, तो आतून पोकळ होतो आणि दीड वर्षाच्या मेहनतीचं चिपाड होतं. पूर्वी या नोंदीसाठी चिटबॉय यायचा. नाव चिटबॉय, पण आमच्या तानाजीरावांचं वय पंचावन्न. मोटरसायकलवरून बांधावर यायचे, वहीत लिहायचे, चहा घ्यायचे आणि जायचे. बोलत्या नोंदीत तानाजीरावांची वही बंद. शेतकऱ्याने घरच्या मोबाइलवरून एक नंबर लावायचा, यंत्र मराठीत प्रश्न विचारणार, त्याने उत्तरं द्यायची, की नोंद झाली.

ही वस्तू मी हौसाक्कांकडे तपासायला नेली. त्यांनी चहा केला आणि फोन कानाला लावला. गट नंबर, उसाची जात, लावणीची तारीख हे सगळं त्यांनी धडाधड सांगितलं. शेवटी ‘नोंद पूर्ण झाली’ असं यंत्र म्हणालं आणि त्या म्हणाल्या, “माणसावानी बोलतंय की वं.” मी अहवालात लिहिलं, चाचणी सुरळीत, अडचण नाही. तसाच अहवाल मी आणखी सहा घरांचा दिला.

महिन्याभराने पुण्याला बैठक झाली. आमचे प्रमुख निनाद, वय तिशीच्या थोडं पुढे. मुलगा वाईट नाही, फक्त ज्याला हात लावता येत नाही अशाच गोष्टींवर त्याचा फार विश्वास. त्याने मोठ्या पडद्यावर आपली नवी कृत्रिम बाई दाखवली. ‘ग्रामीण महिला क्रमांक चार’. पडद्यावर ठेवणीतला पदर घेतलेलं एक चित्र होतं. ते म्हणालं, “मी पलूस तालुक्यातली शेतकरी महिला आहे. मला ही सेवा खूप सोयीची वाटली.”

“विचारा मॅडम, काहीही विचारा हिला,” निनाद म्हणाला.

मी यंत्रातला प्रश्न जसाच्या तसा विचारला. “खातेदाराचं पूर्ण नाव सांगा.”

बाईने न अडखळता नवऱ्याचं नाव सांगितलं, बापाच्या नावासकट, आडनावासकट, एखाद्या शाळेच्या हजेरीत सांगावं तसं.

मला हसू आलं. मी म्हटलं, “निनाद, ही बाई पलूसची नाही. ही कुठलीच नाही.” आणि मी सगळ्यांना समजावून सांगितलं, की हौसाक्कांच्या पिढीतल्या पुष्कळ बायका नवऱ्याचं नाव तोंडाने घेत नाहीत. तशी वेळ आली की शेजारची बाई ते सांगते. रेशनच्या दुकानात माझी आई नुसती मागे वळून बघायची आणि रांगेतली मागची बाई माझ्या वडिलांचं नाव सांगायची. दवाखान्यात तेच, बँकेत तेच. ही व्यवस्था कुणी शिकवत नाही आणि कुणी चुकवत नाही.

“पण मॅडम, ही तुमच्याच रेकॉर्डिंगवरून शिकली आहे,” निनाद शांतपणे म्हणाला. “तुमच्या चाचणीत नाव सांगितलं गेलं आहे.” आणि त्याने हौसाक्कांच्या घरचं रेकॉर्डिंग लावलं.

यंत्र म्हणालं, खातेदाराचं पूर्ण नाव सांगा. मग बशी ठेवल्याचा आवाज. बांगड्यांचा आवाज. दोन श्वासांएवढी शांतता. आणि मग स्वच्छ, ठणठणीत आवाजात मालकांचं पूर्ण नाव. आवाज माझा होता.

मी खरं सांगते, ते मी केलं हे मला आठवतही नव्हतं. हौसाक्कांनी माझ्याकडे पाहिलं असणार आणि मी नाव सांगितलं असणार, झालं. अठरा वर्षं मी हाताची घडी घालून बसले. लोक रडकुंडीला आले तरी बोट उचललं नाही. आणि ज्या एका जागी गप्प बसायला हवं होतं, तिथे माझ्यातली रेशनच्या रांगेतली मुलगी बोलून गेली. बाकीची सहा रेकॉर्डिंगं मी त्याच संध्याकाळी ऐकली. तीन घरांत तेच. तीनदा मीच. मी स्वतः नवऱ्याला अरे-तुरे करते, त्याच्या नावाने घर डोक्यावर घेते. म्हणून तर मला ही गोष्ट दिसली नाही. जे आपल्या हाडात असतं ते अहवालात येत नाही, आणि माझा सगळा पगार ते अहवालात आणण्याचा होता.

मी चूक कबूल केली. लेखी दिली. म्हटलं, वस्तू थांबवा, नावाऐवजी खात्याचा नंबर विचारा, अर्ध्या दिवसाचं काम आहे. निनाद म्हणाला, पुढच्या आवृत्तीत बघू. आणि मग म्हणाला, “एवढं नाव घ्यायला काय होतं, मॅडम? उखाण्यात घेतातच की. उलट या निमित्ताने जुन्या गोष्टी सुटतील.”

“मग यंत्राला सांग, आधी हळदीकुंकू लाव,” मी म्हटलं. बैठकीत हशा झाला आणि विषय संपला. माझा संताप तिथला आहे. नाव न घेणं चांगलं असं मी कधी म्हटलेलं नाही. माझ्या मुलीने तसं केलं तर मी तिला फैलावर घेईन. पण ते सोडायचं की धरायचं हे हौसाक्का ठरवतील. उसाची नोंद अडवून धरून बाईला सुधारणारे तुम्ही कोण?

पुढे काय झालं ते आणखी चीड आणणारं आहे. माझी लेखी कबुली सुरक्षा विभागाकडे गेली. त्यांनी त्यातलं एकच वाक्य उचललं, की नोंद एकाची आणि आवाज दोघांचे. म्हणजे फसवणुकीला वाव. त्यांनी यंत्राला आवाजाची ओळख बसवली. एका खात्यासाठी पहिल्यांदा जो बोलेल त्याचाच आवाज पुढे कायम हवा, दुसऱ्याचा आला की त्या खात्याचा फोन तीन दिवस बंद. हे त्यांनी पाचशे कृत्रिम बायकांकडून तपासून घेतलं. पाचशेच्या पाचशे बायकांनी स्वतःच्या तोंडाने नवरा सांगितला.

पावसाळ्यात खऱ्या नोंदी सुरू झाल्या. एका सकाळी तानाजीरावांचा फोन आला. “ताई, तुमच्या मशिनीनं हौसाक्काचा जीव खाल्लाय. मुदत आज संपतीया. तुमी कायतरी करा.” मी साताऱ्यात होते. दिवसभर निनादला फोन लावत राहिले, संध्याकाळी तो सापडला आणि म्हणाला, एका खात्यासाठी नियम बदलता येत नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे मी मिळेल त्या एसटीत बसले आणि गावात पोहोचले. मुदत संपलेली होती.

तानाजीराव वेशीवरच भेटले. त्यांनी झालेलं सगळं सांगितलं. हौसाक्का फोन लावायच्या, तारीख-जात सांगायच्या आणि नावापाशी गप्प व्हायच्या. यंत्र फोन कापायचं. असं कितीतरी वेळा झालं. मग शेजारच्या सुनीताला बोलावलं, तिने नाव सांगितलं, यंत्राने तीन दिवस फोन बंद केला. तीन दिवसांनी दुसरीला बोलावलं, परत तीन दिवस बंद. मधे मालकांना सुनीताच्या भरवशावर ठेवून हौसाक्का कारखान्याच्या गट ऑफिसात जाऊन आल्या. तिथे तानाजीरावच बसलेले. “मी काय करणार वं?” ते म्हणाले. “तिचा प्लॉट मला डोळं झाकून दावता येतोया. पर वही काढून घेतली. मशिनीत घालाय मला परवानगी न्हाई.”

“मग राहिली नोंद?” मी विचारलं.

“न्हाई. झाली,” ते म्हणाले आणि दुसरीकडे बघू लागले. “तिलाच इचारा.”

हौसाक्का म्हशीला पाणी पाजत होत्या. मला पाहून हात पुसले, आत नेलं, चहा ठेवला. खाटेवर मालक भिंतीकडे तोंड करून पडले होते. मी काही विचारायच्या आधीच त्या बोलल्या.

“घेतलं नाव. शेवटच्या दिशी घेतलं. दार लावलं, गल्लीनं ऐकू नगं म्हणून. आन् बारीक आवाजात बोलले.” त्यांनी चहात साखर टाकली. “तर मशीन म्हणाली, मोठ्यानं बोला.”

“मग?”

“मग मोठ्यानं बोलले. उसाचा सवाल हुता.” त्यांनी खाटेकडे पाहिलं. “ह्यास्नी वाटलं, मीच हाक मारली. लगीन झाल्यापास्नं आवं म्हणत आले, नावानं कवा हाक मारली न्हाई. मान वळवली त्यांनी. तोंड हलवाय लागले. ओ द्याय बघत हुते वं. वाचा गेल्याली, नुसती लाळ गळली. मी पुसली आन् म्हटलं, तुमास्नी न्हाई बोलले, मशिनीला बोलले. तवापास्नं असं भिताडाकडं तोंड करून हायती.”

मी म्हटलं, “अक्का, चूक माझी आहे. पहिल्यांदा आले तेव्हा मी नाव सांगायला नको होतं. गप्प बसले असते तर हे झालंच नसतं.”

“आसं कसं म्हंता?” त्या म्हणाल्या. “तुमी तवा नाव घेतलं, मला लय बरं वाटलं हुतं. म्हटलं, कंपनीची आसली तरी आपलं माणूस हाय.” चहा गाळता गाळता त्यांनी विचारलं, “पुढं खोडव्याची नोंद बी ह्याच मशिनीत का?” खोडवा म्हणजे तोडीनंतर त्याच बुडख्यांतून पुन्हा फुटणारा ऊस.

“हो.”

“मग तुमी या त्या दिशी.”

“अक्का, आता दुसऱ्याचा आवाज चालत नाही.”

“व्हय की. इसरलेच.” त्यांनी कप माझ्यापुढे ठेवला आणि खाटेला ऐकू जाऊ नये इतक्या हळू म्हणाल्या, “मग उसात जाऊन घीन. मधी कोण ऐकत न्हाई. तिथं मोठ्यानं बोलाय येतंय.”

मी त्याच वर्षी काम सोडलं. सोडण्याआधी मी पुण्याच्या तक्त्यात त्यांची नोंद उघडून पाहिली. प्रयत्न बारा, दिवस नऊ, शेरा यशस्वी. खाली निनादने एक ओळ जोडली होती, की ग्रामीण महिलांना ही सेवा आता जमू लागली आहे. आणि बाई उसाच्या मधोमध उभी राहून, एका यंत्रासाठी, नवऱ्याला हाक मारायची जागा शोधते आहे.